भोंगावाले नाना

"एकही चूक नाही" असं कॉम्प्युटरने सांगितलं की नानांचा चेहरा उतरायचा. आम्ही बाकीचे हुश्श करून खुर्चीत मागे टेकायचो, आणि हे मात्र पडद्याकडे संशयाने बघत बसायचे. "एवढं सगळं लिहिलं आणि कुठेच काही अडलं नाही?" असं स्वतःशीच पुटपुटायचे. उलट पडदाभर चुका आल्या की त्यांच्या जिवात जीव यायचा. "हां, आता कसं. चला, डबे उघडा." चुका समोर दिसत असल्या की नाना पोटभर जेवायचे. नसल्या की त्यांची भाकरी डब्यात तशीच राहायची आणि ती मला संपवावी लागायची.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात बसस्टँडजवळ, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास चालायचे आणि मागच्या खोलीत आम्ही पतपेढ्या, जिनिंग, दूध संघ यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचो. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज आला की नाना दचकायचे. तो आवाज रोजच यायचा आणि ते रोजच दचकायचे. आमचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणायचो, त्यांनी एकदा विचारलं, "नाना, अजून सवय झाली नाही का?" नाना म्हणाले, "सवय झाली म्हणजे ऐकू येणं बंद झालं. मला ऐकू येऊ दे."

ते मूळचे धुळ्याचे. वय चाळिशीच्या आतबाहेर, पण केस पार पिकलेले. म्हणून शेठसुद्धा त्यांना नाना म्हणायचे. त्यांना कुणी 'सर' म्हटलेलं खपायचं नाही. सर म्हटलं की माणूस उलटं विचारायचं बंद करतो, असं त्यांचं मत होतं.

मी अमळनेरची. तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी. केलं आणि नोकरीसाठी जळगावला मावशीकडे राहायला आले. त्याआधी मुलाखतीला अमळनेरहूनच गेले होते, तेव्हा नानांनी मला गणित विचारलं नाही, प्रोग्रॅम विचारला नाही. ते म्हणाले, "तुला कशाची भीती वाटते?" मुलाखतीत कसं ताठ मानेने बोलावं हे मला दादाने शिकवून पाठवलं होतं. मी ताठ मानेने म्हणाले, "कशाचीच नाही." नानांनी शेठकडे बघून मान हलवली. "ही नको." मला रडूच फुटायला आलं. उठता उठता मी बोलून गेले, की साडेपाचची अमळनेर गाडी चुकेल याची मात्र सकाळपासून भीती वाटतेय. नाना म्हणाले, "बस बस. ही चालेल."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचे वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्याच्याच जिवावर होतं. अमळनेरच्या एका तेलगिरणीत तो प्लँटवर शिफ्ट सांभाळायचा. सरकी दाबून तेल काढलं तरी पेंडीत थोडं उरतंच. ते काढायला पेट्रोलसारखं एक पातळ द्रावण वापरतात. पेंड त्यात भिजवायची, वाफेने तापवायची, द्रावण उडून जातं, थंड होऊन परत येतं, आणि तेल खाली राहतं. ऐकायला सोपं आहे. पण ते द्रावण जास्त तापलं आणि कुठून निसटलं, तर एक ठिणगी पुरते. दादाच्या कपड्यांना तो वास यायचा. आई त्याचे कपडे चुलीपासून लांब, अंगणातल्या दोरीवर टाकायची. दिवसपाळी असो की रातपाळी, तो घरी येईपर्यंत आईचा एक कान दाराकडे असायचा आणि पुढे माझाही असायला लागला.

नानांच्या भीतीच्या गोष्टी ऑफिसात आम्ही चवीने सांगायचो. एकदा मी त्यांच्याबरोबर कामासाठी धुळ्याला निघाले होते. एस.टी.त चढण्याआधी त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, या गाडीचं शेवटचं काम कोणी केलं?" ड्रायव्हर म्हणाला, "डेपोत झालं." "डेपो म्हणजे माणूस नाही. माणूस कोण?" ड्रायव्हरने तंबाखू मळता मळता आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझ्याबद्दल बरीच सहानुभूती होती. शेवटी आम्ही ती गाडी सोडली आणि मागच्या गाडीने गेलो. तिच्या ड्रायव्हरने मेकॅनिकचं नाव सांगितलं, त्याच्या सासुरवाडीचं गावही सांगितलं. नाना संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळ बसले आणि पारोळ्यापर्यंत त्या खिडकीची कडी निघते का ते बघत राहिले.

हॉटेलात चहा प्यायचा तर स्टोव्ह आणि दार यांच्यामध्ये आपण असलं पाहिजे, स्टोव्ह आपल्या आणि दाराच्या मध्ये असता कामा नये, हा त्यांचा नियम. त्यामुळे निम्म्या हॉटेलांत आम्हाला उभ्यानेच चहा प्यावा लागायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "नाना, तुम्हाला लहानपणी काही झालं होतं का?" ते म्हणाले, "काहीच नाही झालं. आजपर्यंत काहीच झालेलं नाही. म्हणून तर."

आणखी एक. नाना ऑफिसात अगदी नीट, पुस्तकी मराठी बोलायचे. पण घाबरले की अहिराणीवर यायचे. जितकी भीती मोठी, तितकी अहिराणी गाढी. "जरा बघून घे" म्हणाले की सगळं ठीक. "जरा देखी ले" म्हणाले की आम्ही हातातला चहा खाली ठेवायचो.

कामात त्यांची भीती एकाच जागी जाऊन बसायची. प्रोग्रॅम कधी एकटा नसतो, असं ते सांगायचे. आपण लिहितो त्या फाईली वेगळ्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार लायब्ऱ्या वेगळ्या, त्या सगळ्यांना मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर वेगळा. सगळे जमले तरच लग्न लागतं. नाना त्यांना सोयरे म्हणायचे. "एक सोयरा बदललास तर बाकीच्यांना विचारलंस का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. पुण्याहून कंपायलरची नवी आवृत्ती आली की शेठ पेढे आणायचे आणि नाना त्या फ्लॉप्या कपाटाच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवून द्यायचे. एकदा क्लासच्या मास्तरांनी हौसेने नवी लायब्ररी जुनीच्या आधी सापडेल अशा ठिकाणी टाकली. दुसऱ्या दिवशी दूध संघाचा प्रोग्रॅम म्हशीच्या दुधाला गाईचा भाव लावू लागला. त्यात चूक कुणाचीच दिसत नव्हती, सगळ्यांची नावं तीच होती, फक्त एक सोयरा दुसऱ्याच घरचा येऊन बसला होता. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचा कंपायलर, लायब्ऱ्या, सगळा गोतावळा नानांनी वेगवेगळ्या डब्यांत बंद केला. एकाच्या घरातलं दुसऱ्याच्या घरात जायचं नाही.

त्यांचा विश्वास होता तो फक्त मुकादमावर. फाईली बऱ्याच झाल्या की दर वेळी सगळ्या नव्याने बांधायला फार वेळ जातो. म्हणून एक साधन असायचं, त्याला आम्ही मुकादम म्हणायचो. हा मुकादम प्रत्येक फाईलवरची तारीख बघतो. फाईल, किंवा ती जिच्यावर अवलंबून आहे ती फाईल, तिच्या बांधलेल्या रूपापेक्षा नवी असेल तर पुन्हा बांधायची, जुनी असेल तर हात लावायचा नाही. नाना म्हणायचे, "हा बरा. कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. तारीख बघतो."

दादाच्या गिरणीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मला कोण आनंद झाला. प्लँटमध्ये जागोजागी तापमान मोजणाऱ्या सळ्या बसवायच्या, त्यांच्या तारा कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरपर्यंत आणायच्या, पडद्यावर प्रत्येक जागेचा आकडा दाखवायचा, आणि कुठलाही आकडा त्या जागेच्या मर्यादेपलीकडे गेला की छपरावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की सगळ्यांनी गेटकडे पळायचं. म्हणजे माझ्या भावाच्या डोक्यावर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम मीच लिहिणार होते, नानांच्या हाताखाली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तो भोंगा माझ्या घरात नाही का लावता येत?"

नाना त्या कामात अर्धे झाले. प्लँटच्या आत ते कधीच गेले नाहीत. कंट्रोल रूमचं दार उघडं ठेवून, गेटकडे तोंड करून बसायचे. आतलं काय विचारायचं ते दादाला हाक मारून विचारायचे. दादाने एकदा सांगितलं, की वाफ किती सोडायची ते आम्ही काट्यावर बघतोच, पण टाकीला पाठीमागून हात लावूनही बघतो. हात टिकला तर ठीक, नाही टिकला तर वाफ कमी. नाना ते ऐकून खूश झाले. "काटा बिघडेल. हात बिघडत नाही," म्हणाले.

गिरणीच्या मालकांना उद्घाटन आखाजीलाच हवं होतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या वरचा सण. त्या दिवशी सुरू केलेलं काम क्षय पावत नाही. पण सळ्यांच्या तारा कॉम्प्युटरला जोडायचं एक कार्ड पुण्याहून उशिरा आलं आणि आखाजी निघून गेली. झाडांवरचे झोके उतरले, माहेरवाशिणी परत गेल्या, आणि मालकांचं तोंड पडलं. त्यांच्यापेक्षा नानांचं जास्त पडलं. एवढं जोखमीचं काम मुहूर्त चुकवून सुरू करायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. तोंडातल्या तोंडात त्यांची अहिराणी सुरू झाली. मग ते मालकांना म्हणाले, "मशीनची तारीख आपल्या हातात असते."

आणि त्यांनी कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन आखाजी केली. मालकांना हे फार आवडलं. पडद्याला हळदकुंकू लागलं, कीबोर्डवर झेंडूची फुलं पडली, नारळ फुटला. भटजींची तयारी चालू असताना प्लँटचे मॅनेजर साहेब येऊन म्हणाले, की पहिल्या टाकीनंतर थंड पाण्याच्या नळीवरही एक सळी हवी. नानांनी तिथेच बसून सगळ्या जागांचा क्रम लिहिलेली जी फाईल होती तिच्यात मध्ये एक जागा वाढवली. पूजा झाली, पेढे झाले, नानांनी तारीख परत आजची केली. पडद्यावर नवी जागा दाखवायचा भाग मी नंतर लिहिला. मुकादमाला हाक मारली, त्याने काम केलं. एकही चूक नाही. नानांचा चेहरा उतरला, पण तो तर नेहमीच उतरायचा. त्यांनी लोटाभर गरम पाणी मागवून पहिल्या सळीवर धरायला लावलं. भोंगा कानठळ्या बसेल असा वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यात मी एका रविवारी घरी गेले होते. अमळनेरचा मे, छपराचे पत्रे तडतडत होते. दादा जेवत होता, मी वाढत होते. तो सहज म्हणाला, "परवा दुसरी टाकी चांगलीच तापली होती. पडद्यावर आकडा चढलेला. पण भोंगा वाजला नाही, म्हणजे चालतंय." मी विचारलं, "हात लावून बघितलास ना?" तो हसला. "आता कसाले? भोंगा शे ना. बठ्ठासनी सोडी दिधं ते."

त्याने आकडा सांगितला तो मी लक्षात ठेवला. मर्यादा काय होती ते मला नेमकं आठवत नव्हतं. दुपारच्या पाळीला दादा सायकलवर टांग टाकून गेला तेव्हा त्याला थांबवावं असं वाटलं, आणि काय म्हणून थांबवू ते सुचेना.

सोमवारी सकाळी नाना धुळ्याहून आले. पिशवी खाली ठेवायच्या आत मी त्यांना तो आकडा सांगितला. ते उभेच राहिले. खाली मशीन सुरू झालं आणि पहिल्यांदाच ते दचकले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "कोनी हात लावस का नही आते?"

मी म्हणाले, "नाही. सगळ्यांनी सोडलं."

"तारीख," नाना म्हणाले. "आखाजीनी तारीख." आणि ते भिंतीला टेकले.

त्यांनी गिरणीत फोन लावला. लाइन लागेपर्यंत मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मॅनेजर साहेब म्हणाले, पडदा व्यवस्थित चालू आहे, भोंगा वाजलेला नाही, मग प्लँट कशासाठी बंद करू? तुमचं काही असेल तर येऊन दाखवा. नानांनी दादाला फोनवर बोलवा म्हणून सांगितलं तोवर लाइन तुटली, ती पुन्हा लागली नाही. त्या सोमवारपासून दादाची पाळी सकाळची होती.

आम्ही स्टेशनवर पळालो. पॅसेंजर उभी होती. मी नानांच्या मागे चढले आणि बघितलं, तर ते दारापासून लांब, डब्याच्या मधोमध, दोन पोत्यांच्या बेचक्यात बसले होते. खिडकी बघितली नाही, साखळी बघितली नाही. नाना स्वतःसाठी घाबरायचं विसरले, म्हणजे दुसरीकडे किती मोठं काही असेल.

धरणगावपर्यंत ते बोटांवर तारखा मोजत होते. मग मला समजावून सांगायला लागले, आणि मला वाटतं, ते स्वतःलाच सांगत होते. "पंगत बसलीय असं समज. वाढपी ताटांकडे बघत नाही, जागा मोजतो. दुसऱ्या जागेवर मधुमेहाचे काका आहेत, त्यांना गोड वाढायचं नाही, एवढं त्याला पाठ आहे. मध्येच एक पाहुणा घुसवला. काका तिसऱ्या जागेवर सरकले. वाढप्याला कुणी सांगितलंच नाही." जागांची फाईल त्यांनी बदलली तेव्हा मशीनमध्ये आखाजी होती. भोंग्याचा भाग त्याआधीच, आखाजी उलटून गेल्यावर बांधलेला. मुकादमाने दोन्ही तारखा बघितल्या. जागांची फाईल जुनी, भोंगा नवा. म्हणजे भोंग्याला पुन्हा बांधायची गरज नाही. पडद्याचा भाग मी खऱ्या तारखेला लिहिला, म्हणून तो नव्याने बांधला गेला आणि बरोबर आकडे दाखवत राहिला. भोंगा मात्र जुन्याच जागा मोजत होता. दुसरी टाकी समजून तो थंड पाण्याच्या नळीवर पहारा देत होता. ती नळी कधीच तापणार नव्हती, आणि खऱ्या दुसऱ्या टाकीला तो पुढच्या जागेची, बरीच वरची मर्यादा लावत होता. पहिली जागा तेवढी सरकली नव्हती, आणि नानांनी गरम पाणी नेमकं तिथेच धरायला लावलं होतं.

"मी सगळ्याला भ्यालो," नाना म्हणाले. "मुहूर्त चुकायलाही भ्यालो. तेच नडलं."

माझ्या मनात त्या वेळी त्यांच्याबद्दल दया नव्हती, रागही नव्हता. गाडी प्रत्येक स्टेशनला थांबत होती, माणसं आरामात कोंबड्या आणि पाट्या उतरवत होती, आणि मला प्रत्येकाला ढकलून द्यावंसं वाटत होतं. खिडकीतून अमळनेरच्या बाजूला धूर दिसतोय का ते मी बघत होते. एका वीटभट्टीचा धूर दिसला आणि मी उठून दाराशी गेले.

गिरणीच्या गेटवर पोचलो. सगळं रोजच्यासारखं होतं. बैलगाड्या सरकी उतरवत होत्या. छपरावर भोंगा उन्हात चमकत होता, गप्प. तो वाजत असता तर मी कमी घाबरले असते. नाना कंट्रोल रूममध्ये गेले, पडद्यावरचा दुसऱ्या टाकीचा आकडा एकदा बघितला, आणि बाहेर आले. मॅनेजर साहेब काहीतरी विचारत होते. नाना त्यांना ओलांडून माझ्याकडे आले. "जाय माय, तू गेटबाहेर जाय," एवढं मला म्हणाले आणि प्लँटच्या आत गेले.

मी गेटबाहेर गेले नाही. दारातून मला आतलं दिसत होतं. आयुष्यात कधी त्या दाराच्या आत न गेलेला माणूस तारांवरून, नळ्यांवरून अडखळत चालला होता, दोन्ही हात हवेत धरून. दादा वर जाळीवर उभा होता. "नाना, तुम्ही आठे कसा?" तो म्हणाला.

नानांनी टाकीच्या पाठीला तळहात टेकवला.

"भो, वाफ बंद कर. पहिले बंद कर, मंग माले इचार."

दादाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि काही न विचारता चाक फिरवायला घेतलं. ते चाक जड असतं, पूर्ण बंद व्हायला वेळ लागतो. तो नंतर मला म्हणाला, "नानांना सांगत होतो, हात काढा, हात काढा. ते काढेचनात. मला वाटलं हात चिकटला की काय. चाक बसल्यावरच काढला." तळहाताची कातडी निघाली होती. पुढे बरेच दिवस नाना डाव्या हाताने टाइप करायचे.

काही झालं नाही. टाकी निवली. भडका नाही, धूर नाही. आणि म्हणूनच मॅनेजर साहेब भडकले. एक पाळी फुकट गेली होती, आणि पुरावा काय, तर एका घाबरट माणसाचा भाजलेला हात. नाना म्हणाले, "पुरावा देतो." त्यांनी गरम पाणी मागवलं आणि दुसऱ्या टाकीच्या सळीवर धरायला लावलं. पडद्यावर आकडा वर, वर, वर गेला. आम्ही सगळे छपराकडे बघत उभे होतो. भोंगा वाजला नाही. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

मग नानांनी मशीनमधल्या सगळ्या बांधलेल्या फाईली पुसल्या आणि मुकादमाला न विचारता एकूणएक नव्याने बांधल्या. प्रत्येक सळीवर गरम पाणी धरलं, मर्यादा वरची होती तिथे उकळतं. प्रत्येक वेळी भोंगा वाजला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी सगळ्या कामगारांना गेटपर्यंत पळायला लावलं. दोनतीनदा लोक हसत पळाले. मग कंटाळले. एक म्हातारा हमाल धापा टाकत म्हणाला, "कसाले पळाले लावतस आम्हले? खोटा भोंगा शे ना." नाना म्हणाले, "आबा, खरा कोनता ते तुमले तवा समजाव नही. वाजना का पळनं." आणि दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "हात लावणं सोडू नका. भोंगा आहे म्हणून तर मुळीच सोडू नका." गिरणीत तेव्हापासून त्यांना भोंगावाले नाना म्हणायला लागले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गरम पाण्याचा लोटा आणि पळापळ, हा तिथला रिवाजच पडला.

मालकांपुढे नानांनी तारखेची गोष्ट स्वतःहून सांगितली. मालक म्हणाले, "पण नाना, मुहूर्त तर साधायलाच हवा होता ना." नानांनी हात जोडले, पट्टी बांधलेला आणि न बांधलेला. त्या दिवाळीनंतर ते जळगाव सोडून धुळ्याला गेले. एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे असं कळलं. शेठनी थांबवून बघितलं. नाना म्हणाले, "मी आता माझ्याच भीतीला भितो. अशा माणसाने भोंगे लावू नयेत."

पुढे काही वर्षांनी, मी लग्न होऊन धुळ्यालाच आले होते तेव्हा, गिरणीत वाफेची एक झडप अडकली. बंदच होईना. भोंगा वाजला, लोक पळाले, हसत नाही आणि कंटाळतही नाही, फक्त पळाले. त्यानंतर प्लँटचं छप्पर उडालं. त्याचे पत्रे रस्त्यापलीकडच्या कपाशीत जाऊन पडले. गेटवर माणसं मोजली. सगळी होती. मला फोन आला तेव्हा दादा स्वतःच बोलत होता, आणि मी त्याचा आवाज ऐकूनसुद्धा पुन्हा पुन्हा विचारत होते, तू बोलतोयस ना, तूच ना.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेले. ते पुढच्या खोलीत बसले होते. दार आणि गॅस यांच्यामध्ये. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी उजवा तळहात मांडीवर उपडा ठेवला.

मग म्हणाले, "पहिले काय व्हयनं? भोंगा वाजना का तुना भाऊनी हात लावा?"

मी म्हणाले, "हात. दादाने हात लावला, हात टिकेना, म्हणून त्याने लोकांना आधीच खाली उतरवायला सुरुवात केली होती. भोंगा त्याच्या मागोमाग वाजला."

नानांनी डोळे मिटले. "मागोमाग म्हणजे किती मागोमाग?"

"ते नाही सांगता येणार, नाना."

त्यांनी मान हलवली. मग उठून आत गेले, आणि गॅसचं बटण नीट बंद आहे का ते बघून आले.